कापसाच्या घराची वही

यवतमाळने अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दोनदा पाहिले. पहिले १९७३ साली, ग. दि. माडगूळकर यांच्या अध्यक्षतेखाली. दुसरे जानेवारी २०१९ मध्ये, अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली. दुसऱ्या संमेलनाची आठवण साहित्यव्यवहारात राहिली ती मुख्यतः वादामुळे. उद्घाटक म्हणून नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण आयोजकांनी मागे घेतले, अनेक निमंत्रितांनी संमेलनाकडे पाठ फिरवली, आणि अखेर ११ जानेवारीला उद्घाटन झाले ते कळंब तालुक्यातील राजूर गावच्या वैशाली येडे यांच्या हस्ते. त्यांच्या शेतकरी पतीने २०११ साली आत्महत्या केली होती; अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम करून आणि शिवणकाम करून त्या घर चालवीत होत्या. या निवडीमागे आयोजकांची अडचण किती आणि आस्था किती, याची चर्चा तेव्हा पुष्कळ झाली. ती येथे पुन्हा करण्याचा आमचा हेतू नाही.

या दोन संमेलनांमध्ये ४६ वर्षांचे अंतर आहे. १९७३ साली मुख्यमंत्रिपदी याच जिल्ह्यातल्या, पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक होते. त्यांच्याच सरकारने आदल्या वर्षी कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली होती. कापूसवाल्याला व्यापाऱ्याच्या काट्यापासून सोडवू, हे त्या योजनेचे आश्वासन होते. २०१९ साली त्याच शहरात, साहित्याच्या व्यासपीठावर, शेतकऱ्याच्या घरातली एकटी उरलेली कर्ती बाई उभी राहिली. मधल्या काळात जे घडले त्याचा इतिहास अर्थशास्त्राने भावांच्या तक्त्यांत लिहिला आणि वृत्तपत्रांनी मृत्यूंच्या आकड्यांत. आम्हाला येथे तिसरी जागा पाहायची आहे, ती म्हणजे घर. मिळकत एकाएकी तुटली तेव्हा यवतमाळच्या कापूसवाल्या घराने ती तूट कशी वाटून घेतली, कोणाच्या वाट्याला काय आले, आणि हा व्यवहार कुठल्याच कागदावर का उतरला नाही, एवढाच या लेखाचा विषय आहे.

मिळकत तुटलेले घर मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला अपरिचित नाही. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकातले लालबागचे कुटुंब आपण वर्गात शिकवतो, शिकतो. त्या घरावर ज्या संपाची सावली आहे तो गिरणी संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. म्हणजे त्या आपत्तीला तारीख आहे. भोंगा थांबला, फाटक बंद झाले, पगाराचा दिवस आला आणि पगार आला नाही. ‘तेव्हापासून’ असे म्हणण्याची सोय त्या घराला आहे. गिरणीत गाठींच्या रूपाने येणारा कापूस ज्या शेतांतून निघत होता तेथेही पुढे धंदा मोडला. परंतु तेथे फाटक नव्हते आणि भोंगाही नव्हता. शेतीत मिळकत गेली तरी शेत चालूच राहते. मृग लागला की पेरावे लागते. पेरल्यावर डवरावे, निंदावे, फवारावे लागते. खर्च उत्पन्नाच्या पुढे गेला तरी शेतकऱ्याला कोणी बेकार म्हणत नाही, त्याला कामावरून काढल्याचे पत्र मिळत नाही. त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला तो उद्योग सुरूच असल्याचे दिसते, आणि तो थांबल्याची जाणीव केवळ घराच्या आत राहते.

हे घर कापसाशी इतके घट्ट कसे बांधले गेले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले. आठच वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला. १८६१ ते १८६५ या काळात हिंदुस्थानी कापसाचे भाव चढले. वऱ्हाडचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात अमरावतीच्या नावावरून ‘ऊमरा’ म्हणून ओळखला जाई. युद्ध संपताच भाव उतरले. ज्या युद्धाचे नावही वऱ्हाडातल्या बहुतेक घरांनी ऐकलेले नसणार, त्याने त्यांची मिळकत फुगवली आणि खाली बसवली. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत, नगदी पिकाच्या या प्रदेशाला धान्याचे मोल कळले. आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा ‘वून’ म्हणजे वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९०५ च्या फेररचनेत त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. त्याच सुमारास किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने यवतमाळ ते मूर्तिजापूर अरुंद मापाचा रेल्वेमार्ग घालायला घेतला. तो मुंबईच्या मुख्य मार्गाला जोडलेला होता. लोकांनी पुढे या गाडीला ‘शकुंतला’ म्हटले. कालिदासाच्या नायिकेचे नाव मिळालेल्या त्या गाडीने वाहायचा होता तो मात्र कापूस.

तरीही जुन्या घरात एक तोल होता. ज्वारी घरासाठी आणि कापूस बाजारासाठी, अशी वाटणी असे. ज्वारी कणगीत पडे, कापूस बंडीत भरला जाई. ज्वारीचा कडबा बैल खात. बैल शेत वखरीत आणि कापूस बाजारात नेत. कापसाचा भाव पडला तर घरात रोकड नसे, पण भाकर असे. पुढील काळात ज्वारीचे क्षेत्र आटत गेले, त्या जागी कापूस वाढला, नंतर सोयाबीन आले. भाकरीचे पीठही दुकानातून आणायचे झाले आणि कडबाही विकत घ्यायचा झाला. भावाच्या पडझडीपासून घराला वाचवणारी मधली भिंत अशी हळूहळू, कोणाच्या लक्षात न येता, काढली गेली. पुढे आलेल्या आघाताची तीव्रता समजून घेताना हा बदल विसरून चालणार नाही.

आता एकाधिकार योजनेकडे वळू. १९७१ च्या कायद्याने आणि १९७२ पासूनच्या अंमलबजावणीने महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने आपला कापूस फक्त शासनाच्या संकलन केंद्रावर द्यायचा, असे ठरले. १९८४ पासून हे काम कापूस उत्पादकांच्या पणन महासंघाकडे गेले. कापूस मोजला जाई, ग्रेडर प्रत ठरवी, जिनिंगमध्ये सरकी वेगळी होई, प्रेसिंगमध्ये रुईच्या गाठी बांधल्या जात. शेतकऱ्याला हमीभावाचा चुकारा मिळे. विक्रीत अधिक पैसा आला तर वरची रक्कमही मिळे. सेवा सहकारी सोसायटीचे पीक कर्ज चुकाऱ्यातूनच कापून घेतले जाई. योजनेत दोष पुष्कळ होते. केंद्रांबाहेर बंड्यांच्या रांगा लागत, ग्रेडरच्या शब्दावर वर्षाची कमाई वरखाली होई, चुकारे महिनोन्‌महिने अडकत. सीमेपलीकडे भाव चढा असला तरी कापूस तिकडे नेता येत नसे, म्हणून शेतकरी संघटनेने या बंधनाविरुद्ध आवाजही उठवला. योजनेचा तोटा वाढत गेला आणि तो शासनाच्या तिजोरीवर येऊन पडला.

पण घराच्या दृष्टीने योजनेने एक गोष्ट दिली होती: पंचांग. पहिल्या वेचणीला शेतात सीतादही करायचे, दिवाळीपर्यंत थोडा कापूस विकून कपडालत्ता करायचा, मोठा चुकारा आला की दुकानदाराची उधारी फेडायची, मुलीचे लग्न उन्हाळ्यात धरायचे. कितीही उशीर झाला तरी चुकारा येणार, ही खात्री होती. आणि तिच्यावर दुकानदार उधार देत असे, सोयरा थांबत असे. अर्थशास्त्र ज्याला पत म्हणते ती घराच्या भाषेत एवढीच असते की, लोक थांबतात. येथे आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. वेचणी बहुतांशी बायकांची. ओटीत कापूस त्यांच्या हातांनी जमा होई. चुकाऱ्याचा कागद मात्र ज्याच्या नावे सातबारा त्याच्या नावे निघे. कापूस घरातून बाहेर पडेपर्यंत तो सर्वांचा असे; पैसा होऊन परतताना तो एकाचा होऊन येई.

१९९५ नंतरच्या दहा वर्षांत हे पंचांग मोडले. १९९५ च्या वसंतात जागतिक बाजारात कापसाचा भाव पौंडाला एक डॉलरच्या वर गेला होता. २००१ च्या अखेरीस तो ४० सेंटच्याही खाली उतरला. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना देत असलेली अनुदाने हे त्याचे एक मोठे कारण होते. त्याविरुद्ध ब्राझीलने २००२ साली जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली आणि २००५ साली अपिलातही निकाल ब्राझीलच्या बाजूने लागला. दरम्यान, भारतातील गिरण्यांनी स्वस्त परदेशी कापूस आणला: १९९९-२००० ते २००१-०२ या तीन हंगामांत दरवर्षी वीस लाखांहून अधिक गाठी आयात झाल्या. महाराष्ट्रात २००२-०३ च्या सुमारास एकाधिकाराचे बंधन सैल झाले आणि खाजगी व्यापारी पुन्हा बाजारात उतरला. शेतकऱ्याला बाजाराचे स्वातंत्र्य मिळाले ते बाजार तळाला गेला असताना.

त्याच वर्षी, मार्च २००२ मध्ये, केंद्र सरकारने बीटी कापसाला परवानगी दिली. आरंभी ४५० ग्रॅमच्या एका पाकिटाची किंमत १,६०० रुपयांच्या घरात होती. २००६ साली सरकारी हस्तक्षेपानंतर ती ७५० पर्यंत आली. बीटी बियाण्याच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ लिहिले गेले आहे. घराच्या बाजूने पाहिले तर त्याचा एक परिणाम वादातीत आहे. पूर्वी सरकी घरातल्या पोत्यात असे, आता बियाणे दरवर्षी कृषी केंद्रातून रोख वा उधार आणावे लागे. यवतमाळची शेती बहुतांश कोरडवाहू. मृगाचा पाऊस देऊन ढग गेले की पेरणी उलटते आणि पाकिटे दुसऱ्यांदा आणावी लागतात. पीक हाती येण्यापूर्वीच घरातून जाणारी रोकड वाढली. उलटलेल्या पेरणीचे पैसे मागायचे कोणाकडे, तर कृषी केंद्रवाल्याकडे किंवा सावकाराकडे. बँकेचे जुने कर्ज थकलेले असले की नवे मिळत नसे.

अखेरचा धक्का २००५ साली बसला. तोपर्यंत राज्य सरकार हमीभावावर क्विंटलमागे ५०० रुपये अग्रिम बोनस देत होते. २००५-०६ च्या हंगामात तो बंद झाला. त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाचा केंद्राचा हमीभाव क्विंटलला १,९८० रुपये होता. आपण एक साधा हिशेब करू. ज्या घरात वीस क्विंटल कापूस येतो, त्या घराचे एका निर्णयाने दहा हजार रुपये कमी झाले. बियाणे, खत, फवारणी, मजुरी यांत एक पैशाचीही घट नाही, कारण तो खर्च आधीच होऊन गेलेला. म्हणजे कमी झालेले दहा हजार हे पिकाच्या किमतीतले नसून घराच्या खर्चातले होते. दहा हजार म्हणजे त्या काळी घरातला वर्षभराचा किराणा, किंवा मुलाच्या शिक्षणाचे शहरातले वर्ष, किंवा एक बैल.

ही तूट घराने कशी भरली? विदर्भातल्या गावांशी ज्यांचा संबंध आहे त्यांना तिचा क्रम ठाऊक आहे, कारण तो घरोघर फारसा बदलत नाही. प्रथम स्वयंपाकघर आखडते. तेल कमी होते, डाळ पातळ होते, चहात दूध नाहीसे होते. हा निर्णय बाई घेते आणि त्याची चर्चा होत नाही. मग सोने जाते: आधी डोरल्यातले मणी सोडून बाकीचे, मग डोरले. गहाण ठेवताना ‘चुकारा आला की सोडवू’ असे म्हटले जाते. नंतर बाई दुसऱ्याच्या शेतात वेचणीला जाऊ लागते. वेचणीची मजुरी किलोवर असते; ज्या घरात कालपर्यंत वेचायला बाया बोलावल्या जात, त्या घरची बाई आता त्याच बायांच्या रांगेत उभी राहते. पाच-दहा एकरांच्या कुणबी घराला या पायरीचा जो संकोच होतो, तो शेतमजुराच्या घराला हास्यास्पद वाटतो. कारण ते घर नेहमीच त्या पायरीवर होते, आणि आता त्याच्या वाट्याच्या कामात नवे भागीदार आले. मंदीचा भार खाली सरकतो तो असा.

त्यानंतरची पायरी बैलांची. अर्थतज्ज्ञ श्रीजित मिश्रा यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वर्धा, वाशिम व यवतमाळ या जिल्ह्यांतील आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांची त्याच भागातील इतर शेतकरी कुटुंबांशी तुलना आहे. पहिल्या गटात थकलेले कर्ज अधिक आढळले, हे अपेक्षितच. परंतु दुसरा ठळक फरक होता तो बैलांच्या मालकीचा. ज्यांच्याकडे बैल नव्हते ती घरे अधिक कोसळली होती. याचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. बैल विकल्याने हाती रोकड येते, पण पुढच्या मृगात वखर-डवऱ्याला बैल भाड्याने आणावे लागतात. ते ज्याचे असतात तो आधी आपले शेत करतो, मग दुसऱ्याचे. पेरणी चार दिवस लांबते आणि कोरडवाहू शेतात चार दिवसांवर पीक फिरते. यंदाची तूट भरण्यासाठी घराने पुढच्या वर्षाचे उत्पन्न विकलेले असते. पोळ्याच्या दिवशी अशा घरात मातीच्या बैलांची पूजा होते. सणाचे सांगता येते. आतील हिशेब सांगता येत नाही.

शेवटच्या पायऱ्या मुलांच्या. मुलगी दहावीनंतर घरी बसते, कारण तालुक्याला जाण्याचे एसटीचे भाडे रोज लागते. तिचे लग्न लांबते किंवा उलट, लहान वयात उरकले जाते. दोन्हींमागे एकच हिशेब असतो. मुलगा नागपूरला, पुण्याला, सुरतेला जातो. काही जमीन मक्त्याने दिली जाते, मग विकली जाते. ही यादी आपत्तीची आहे तशी ती शहाणपणाचीही आहे, हे येथे आवर्जून म्हटले पाहिजे. ज्या घरांची मिळकत तुटली त्यांपैकी फार मोठी संख्या जगली. अर्धपोटी, कर्जात, अपमान गिळून, पण जगली. इतिहास लिहिताना आपण या बहुसंख्येला विसरतो, कारण तिच्या जगण्यात बातमी नव्हती.

ललित वाङ्मयाने आणि चित्रपटाने मात्र या आतल्या बाजूला काही प्रमाणात वाचा दिली. सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ (२००२) या कादंबरीतला एकनाथ शिकलेला आणि बेकार आहे. शेती त्याला सोडत नाही आणि जगवतही नाही. त्याची बायको अलका अखेर ते घर सोडते. सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) या चित्रपटातल्या शेतकऱ्याच्या बायकोचे नावही, योगायोगाने, अलकाच आहे. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर आपल्या नवऱ्याच्याही मनात तेच येईल या भीतीने ती त्याच्यावर डोळा ठेवते, लहान मुलाला त्याच्या मागे पाठवते, त्याच्या आवडीचे रांधते. पाळत हे त्या काळातील कित्येक घरांतले रोजचे काम होते. मजुरीच्या कुठल्याही तक्त्यात ते येत नाही. एक अलका निघून जाते आणि दुसरी झोपत नाही. एकाच संकटाची ही दोन उत्तरे एकमेकांशेजारी ठेवून वर्गात वाचली जावीत, असे आम्हाला वाटते.

आता शासनाच्या कागदाकडे. १९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने पत्नी व मुलांसह जीवन संपवले. ही महाराष्ट्रातील पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या मानली जाते, आणि अलीकडच्या वर्षांत त्या दिवशी अन्नत्याग करून तिचे स्मरण केले जाते. तेव्हा एकाधिकार योजना चालू होती, हेही लक्षात ठेवले पाहिजे. योजनेच्या काळात सारे सुखी होते असे चित्र रंगवणे खोटे ठरेल. पुढे संख्या वाढली तेव्हा शासनाला नियम करावे लागले. २००६ च्या निर्णयानुसार मृताच्या वारसांना एक लाख रुपये मिळत: ३० हजार हाती आणि ७० हजार ठेवीत. त्यासाठी शेतजमीन मृताच्या वा कुटुंबाच्या नावे असणे, कर्ज बँक, सहकारी संस्था किंवा परवानाधारक सावकाराचे असणे, आणि ते थकल्याचा तगादा असणे या गोष्टी तपासल्या जात. यातून यवतमाळच्या बोलीत दोन नवे शब्द रुळले: ‘पात्र’ आणि ‘अपात्र’. शेत मक्त्याने केलेले असेल तर अपात्र. कर्ज नातेवाइकाचे किंवा विनापरवाना सावकाराचे असेल तर अपात्र. केळापूर, झरी, मारेगावकडचा कोलाम वनजमीन कसत असेल आणि पट्टा नसेल तर अपात्र. बाई स्वतः शेती करत असेल आणि सातबारा सासऱ्याच्या नावे असेल, तर तिला शेतकरी ठरवणेच कठीण.

जुलै २००६ च्या आरंभी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्याआधी डिसेंबर २००५ मध्ये राज्याने १,०७५ कोटींचे केले होते. २००८ च्या देशव्यापी कर्जमाफीत दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याचे थकीत कर्ज पूर्ण माफ झाले. त्यावरच्या शेतकऱ्याला उरलेली रक्कम भरण्याच्या अटीवर २५ टक्के सवलत होती. कोरडवाहू यवतमाळात सात-आठ एकर जमीन असलेले घर कागदावर मोठे दिसते आणि हातातोंडाची गाठ घालताना लहान असते. बागायती प्रदेशाच्या मापाने काढलेली ही रेघ अशा घरांच्या बरोबर मधून गेली. सावकाराचे कर्ज तर कोणत्याच माफीत नव्हते.

या साऱ्या कागदांत एक समान गृहीत आहे. घर म्हणजे एक पुरुष, एक सातबारा आणि एक कर्जखाते. तूट वाटून घेताना मात्र घर अनेकांचे असते. या विसंगतीकडे शेतकरी चळवळीचे लक्ष गेले नव्हते असे नाही. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन भरले. पुढे शरद जोशी यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली: शेतकऱ्याने आपण होऊन जमिनीचा काही हिस्सा बायकोच्या नावे करावा. ज्या गावात शंभर जणांनी असे केले ते लक्ष्मीमुक्त गाव. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीलाही मुलासारखा हक्क मिळाला. तरीही नवऱ्याच्या मृत्यूनंतर सातबाऱ्यावर नाव चढवण्यासाठी तलाठ्याकडे खेटे घालणारी, दिरांच्या संमतीसाठी थांबलेली बाई हे यवतमाळचे नेहमीचे दृश्य राहिले. कर्ज तिच्याकडे लगेच येते, जमीन यायला वर्षे लागतात.

येथे एक आक्षेप घेतला जातो. व्यसन, लग्नातील उधळपट्टी, आळस ही खरी कारणे असून भाव हे निमित्त आहे, असे सुशिक्षित वर्तुळात वारंवार ऐकू येते. व्यसन आणि उधळपट्टी विदर्भात नाहीत असे कोणी म्हणणार नाही. पण या गोष्टी १९९० सालीही होत्या, आणि कापूस न पिकवणाऱ्या जिल्ह्यांतही आहेत. नेमक्या कापूसपट्ट्यात, नेमक्या भाव कोसळल्याच्या वर्षांत घरे मोडू लागली, याचे उत्तर शीलाच्या चर्चेत मिळत नाही. शिवाय गिरणी बंद पडल्यावर लालबागच्या घरात जी भांडणे आणि जी दारू आली, ती आपण रंगमंचावर पाहतो तेव्हा तिला परिणाम समजतो; मग यवतमाळच्या घरातली तीच गोष्ट कारण कशी होते?

ही कहाणी २००६ ला संपली असे मानणे सोयीचे, पण चुकीचे आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा मृत्यू झाला आणि शेकडो रुग्णालयात गेले. फवारणारे पुष्कळजण रोजाने गेलेले मजूर होते. त्याच हंगामात बीटी कापसावर गुलाबी बोंडअळी पडली. २०२१-२२ मध्ये भाव क्विंटलला दहा हजारांवर गेले, घरांनी मान वर केली; पुढच्या हंगामांत ते पुन्हा उतरले. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क तात्पुरते उठवले आणि ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. लांब धाग्याचा हमीभाव त्या हंगामात ८,११० रुपये होता, पण वेचणी सुरू होण्याच्या तोंडावरच परदेशी कापसाला दार उघडे झाले. १८६५ साली युद्ध संपल्याची वार्ता जशी भावाच्या रूपाने आली, तशीच ही वार्ताही आली. शकुंतला गाडी मात्र आता धावत नाही.

‘तेरवं’ या नावाचे एक नाटक आहे. श्याम पेठकर यांनी लिहिलेले आणि हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेले. वऱ्हाडीत तेरवं म्हणजे मृत्यूनंतरच्या तेराव्या दिवसाचा विधी. त्यात भूमिका केल्या त्या शेतकऱ्यांच्या मागे उरलेल्या बायकांनी. वैशाली येडे यांचाही त्यात सहभाग होता. त्या नावाचा अर्थ आम्ही असा घेतो की, पाहुणे तेराव्याला जेवून निघून गेल्यावर जो चौदावा दिवस उजाडतो, तेथून घराचा इतिहास सुरू होतो. २०१९ च्या व्यासपीठावर साहित्यविश्वाने त्या इतिहासाला काही मिनिटे जागा दिली. ती प्रतीकात्मक होती, हे टीकाकारांचे म्हणणे आम्हाला मान्य आहे. प्रतीकापुढे जायचे तर काम आपल्यासारख्या शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांचे आहे.

ते काम अवघड नाही. गावच्या किराणा दुकानात उधारीच्या जुन्या वह्या असतात. सोसायटीची पासबुके, गहाणाच्या पावत्या, कृषी केंद्राची बिले, बाजारात विकलेल्या बैलांचे दाखले घराच्या ट्रंकेत पडलेले असतात. २००१ साली कोणत्या महिन्यात तेलाचा डबा यायचा थांबला आणि २००५ साली डोरले कधी गेले, हे त्यांतून वाचता येते. जे कागदावर नाही ते सांगणाऱ्या बायका अजून हयात आहेत. विदर्भातल्या महाविद्यालयांत मराठी शिकणारी निम्मी मुले अशाच घरांतून येत असावीत. त्यांनी प्रकल्प म्हणून आपल्याच आईकडून ही वही लिहून घेतली, तर कापसाच्या इतिहासातली रिकामी पाने भरू लागतील. आणि घर कोणी धरून ठेवले, या प्रश्नाचे उत्तर सातबाऱ्यात शोधत बसण्याची पाळी आपल्यावर येणार नाही.